वन्सं, पत्त्याला महिना असतो

वन्सं, तुम्ही गेल्यावर घरी आलेला प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल बोलला, सोनकीबद्दल कुणीच बोललं नाही. मलाही सुचलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. सरावलीच्या आपल्या दोन खोल्यांत माणूस मावत नव्हता. पालघरहून तुमच्या शेजारणी आल्या, बेटेगावकडच्या दवाखान्यातली माणसं आली, पाड्यांवरच्या बायका आल्या आणि दाराबाहेरच बसून राहिल्या. कितीही म्हटलं तरी आत येईनात. तुमच्या भावाने तर हातपायच गाळले होते. मी चहाच्या पातेल्यापाशी उभी, कारण कुणीतरी उभं राहायला हवं होतं. रडू यायला लागलं की आधी काम शोधायचं, ही खोड तुमच्याकडूनच लागली मला.

तेराव्याला दवाखान्याचे चिटणीसकाका आले होते. हात धुता धुता म्हणाले, "मंगलताई, नलूताईंचं ते कॉम्प्युटरचं काम आता तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाही. चालू पेशंट कोण आणि बंद कोण, एवढं एकदा बघून सांगा, म्हणजे आम्ही सुटलो."

आणि मला एकदम आठवलं. सोनकी! दिवाळीच्या आधी तुम्ही तिला महिन्याच्या गोळ्या देऊन पाठवलं होतंत. भाऊबीजेला भावाला ओवाळायला आलात तेव्हाही करंजी मोडता मोडता तिचंच चाललं होतं. "खोकला थांबलाय, अंगावर मूठभर मांस चढलंय. आता ही बया गोळ्या सोडणार बघ. बरं वाटलं की सोडतात." तिचा टीबीचा कोर्स जेमतेम अर्धा झाला होता. अर्ध्यावर सुटला तर रोग उलटतो आणि मग त्याच गोळ्यांना जुमानत नाही, हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

त्या गोळ्या आता संपायला आल्या होत्या. दिवाळी झाली की तिच्या पाड्यावरची माणसं कामाला बाहेर पडतात. ती नेमकी कुठे असेल हे ज्यांना माहीत होतं, त्यांनाच आम्ही पोहोचवून आलो होतो.

लोक तुमच्या सेवाभावाबद्दल फार बोलले. मला मधूनच हसू येत होतं, पदर तोंडाला लावावा लागला, आणि सगळ्यांना वाटलं मी रडतेय. सेवाभावी माणसं म्हणे मृदू असतात. तुमच्या तर नाकावर राग. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं म्हणून मी तुम्हाला वन्सं म्हणायला लागले. कंपनीतल्या माझ्या मैत्रिणी आपापल्या नणंदांना ताई म्हणत होत्या. तुम्हीही एकदा म्हणालात, "ताई म्हण ना गं, वन्सं म्हटलं की मला नऊवारी नेसून उभी असल्यासारखं वाटतं." तुम्हाला आवडत नाही हे कळल्यावर मी ते कसं सोडणार?

तुमचा खरा राग मी पहिल्यांदा पाहिला तो रामाच्या वेळी. रामा म्हणजे सोनकीच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. सोनकी तेव्हा त्या घरात यायची होती. त्याच्या कार्डावर कुणीतरी शेरा मारला होता, 'पत्त्यावर नाही'. दवाखान्याचा माणूस माघात पाड्यावर गेला, झोपडीला कडी दिसली, शेरा मारून परत आला. रामा त्या वेळी वीटभट्टीवर होता, दरवर्षी असायचा तसा, आणि गोळ्या संपल्यावर खोकत खोकत विटा वाहत होता. होळीला पाड्यावरची सगळी माणसं परत येतात. तो आला नाही.

तुम्ही ते कार्ड घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आलात आणि पोळपाटाशेजारी आपटलंत.

"पत्त्यावर नाही म्हणजे काय गं? माणूस त्याच्या पत्त्यावरच होता. यांनी चुकीच्या महिन्यात विचारलं!"

"वन्सं, आधी पाणी घ्या."

"पाणी नको मला. तुझ्या त्या मशीनला महिना कळतो का, ते सांग."

मी म्हटलं, कळतो की, सगळ्यांचा पगार महिन्यालाच करतं ते. तुम्ही हसला नाहीत. मग मीही लाटणं खाली ठेवलं.

त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आमच्या कंपनीतलं काचेच्या खोलीतलं, चपला बाहेर काढून आत जायचं प्रकरण होतं. देवघरातही लोक इतक्या भक्तीने जात नसतील. तिथे मी जे काम शिकले ते सगळं आजचं होतं. गोदामात आज माल किती, कामगार आज कुठल्या खात्यात. नवं आलं की जुनं पुसायचं आणि पुढे जायचं. तुम्हाला मात्र दोन प्रश्न एकदम विचारायचे होते, कुठे आणि कधी, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याशिवाय घ्यायला तुम्ही तयार नव्हतात. पुढे काही वर्षांनी कंपनीने जुना पीसी दवाखान्याला देऊन टाकला आणि तुम्ही मला रविवारी घरी बसणं विसरायला लावलंत. सासूबाई कुरकुरल्या तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "आई, ती माझं काम करतेय. तुला बोलायचं असेल तर मला बोल." त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

चार रकाने आखले होते आपण. माणूस, जागा, पासून, पर्यंत. एका माणसाच्या कितीही ओळी असू देत, एकही पुसायची नाही. जागेसाठी तालुक्याच्या नकाशावर पेन्सिलीने चौकोन पाडले, समुद्रापासून डोंगरापर्यंत, आणि प्रत्येक चौकोनाला एक आडवा आकडा, एक उभा आकडा. पाडे, भट्ट्या, मिठागरं, कोळीवाडे, सगळ्यांना आकडे मिळाले. मग मशीनला विचारता यायला लागलं, अमुक भट्टीच्या आसपासच्या चौकोनांत माघ महिन्यात आपले पेशंट कोण कोण असतात? पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते यंत्र बराच वेळ नुसतं घरघरत राहिलं. तुम्ही म्हणालात, "झोपलं वाटतं." आणि मग एकाखाली एक नावं यायला लागली. वेगवेगळ्या पाड्यांवरची, एकमेकांना न ओळखणारी माणसं, पण माघात एकाच वाटेवर. एका पिशवीत सगळ्यांच्या गोळ्या घालून एका फेरीत देऊन येता येणार होतं. माझ्या अंगावर काटा आला होता, वन्सं. मला वाटलं, आता तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही म्हणालात, "हं. चहा टाक."

वेळेवरून तर आपली रोजची भांडणं. पाड्यावर कुणालाही विचारा, कुठे राहतोस? तो आधी उलट विचारणार, "आता, का आगोटीला?" बरोबरच आहे त्याचं. पण ते मी रकान्यात कसं भरायचं?

"आगोट म्हणजे कोणती तारीख धरू, वन्सं?"

"पाऊस लागायच्या आधीची."

"आणि पाऊस कधी लागतो?"

"ते तुझ्या मशीनला विचार. शिकलेलं आहे ना ते?"

शेवटी तोड निघाली. दर वर्षीची होळी, दिवाळी, नारळी पुनव कधी आली ते वेगळं नोंदवून ठेवायचं, आणि आगोट कधी लागली ते तुम्ही आभाळाकडे बघून सांगायचं. माणसाने 'होळीला परत येतो' म्हटलं की 'होळी' असंच लिहायचं, तारीख मशीनने मागाहून लावायची. यावर तुम्ही अडूनच बसला होतात. "त्याने होळी सांगितली. तू तिथे मार्च लिहू नकोस." मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. पण एका वर्षी होळी लांबली आणि आपल्या नोंदीतली सगळी माणसं आपोआप त्या लांबलेल्या होळीला घरी परतली, तेव्हा मी मार्च लिहायचं सोडलं.

एकदा मी तुमच्या पेशंटांना 'भटकी माणसं' म्हटलं. तुम्ही चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढलात की मी मनातल्या मनात पदर खोचायचे. "भटकी? बस इकडे. आधी तुझं नाव घाल." आणि मला माझीच ओळ भरायला लावलीत. माहेर, पासून जन्म, पर्यंत लग्न. सासर, पासून लग्न. पर्यंतची जागा मी कोरी ठेवली, कारण अजून चालू असेल तर ती कोरीच ठेवायची. तुम्ही पडद्याकडे वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "म्हणजे पळून जायची सोय ठेवली आहेस तर!" त्या दिवशी आपण दोघी इतक्या हसलो की बाहेर रांगेत बसलेला एक म्हातारा आत डोकावून गेला. 

तुमची ओळ परवा मी बंद केली, वन्सं. तारीख भरली. तेव्हा रडले नाही. रडले ती संध्याकाळी, कुकर लावताना, आणि चांगली पोटभर रडले.

पण आपलं मोठं भांडण वेगळंच होतं आणि ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. आपली नोंद चुकली तर काय करायचं? समजा कार्तिकात आपण लिहिलं, अमका भट्टीवर आहे. माघात कळलं, तो भट्टीवर नव्हताच, मिठागरात होता. माझं म्हणणं साधं होतं, चुकलेली ओळ पुसा, बरोबर ओळ लिहा. तुम्ही म्हणायचात, दोन्ही ठेव. तो खरा कुठे होता ते ठेव, आणि आपल्याला तो कुठे आहे असं वाटत होतं तेही ठेव. शिवाय खरं कधी कळलं तेही लिही. म्हणजे आणखी एक रकाना, आणखी एक तारीख. फ्लॉपीत जागा असायची किती? मी ओरडायचे, "वन्सं, खरं काय ते कळल्यावर खोटं कशाला सांभाळायचं?"

"खोटं नाही ते. आपण तसं धरून चाललो होतो, हे खरंच आहे ना?"

"त्याचा उपयोग काय?"

"माहीत नाही. पण रामाच्या कार्डावर 'पत्त्यावर नाही' लिहिलेलं कुणी पुसलं असतं, तर मी तुझ्याकडे आले असते का?"

यावर मी आणखी जोरात भांडायचे. रकाना अर्थातच तुम्ही घालून घेतलात. मी मात्र दर आगोटीला, फ्लॉपी भरली की, पुन्हा तोच विषय काढायचे, आणि या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, "दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर हे असं झालं.

तर सोनकी. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी चिटणीसकाकांना गाठलं. माणूस वाईट नाही, तुम्हालाही ते ठाऊक होतं, थकलेत फक्त. म्हणाले, "पाड्यावर माणूस पाठवला होता हो. घरी म्हातारी सासू तेवढी आहे. नियमाप्रमाणे कार्ड बंद करायला हवं. आणि मंगलताई, एक सुचवू? नव्याने करायचंच आहे तर एक पेशंट, एक पत्ता, असं सुटसुटीत करून टाका. हे जुनं जाळं आता कोण सांभाळणार?" समोर सोनकीचं कार्ड होतं आणि त्यांनी पेनचं टोपण काढलेलं होतं. ते काय लिहिणार ते मला दिसत होतं.

"काका, लिहू नका," मी म्हटलं.

"अहो पण..."

"माझा हा एवढा आठवडा जाऊ दे. लिहू नका."

कार्ड मी सरळ पिशवीत घातलं. त्यांनी पेनचं टोपण परत लावलं. मी इतकी आगाऊ आहे हे त्यांना नवीन असावं.

आम्ही दोघं पाड्यावर गेलो, तुमचा भाऊ आणि मी, स्कूटरवरून. शोकात बुडालेल्या माणसाला कामाला लावायचं ही युक्तीही तुमचीच. सोनकीची सासू ओट्यावर भात पाखडत होती. तिने मला ओळखलं नाही, पण तुमचं नाव काढताच सूप खाली ठेवलं.

"सोनकी कुठे गेली, आजी?"

"भट्टीवर."

"कुठल्या?"

"जातात तिथंच. दर साल जातात ती भट्टी."

आपल्या नोंदीत ती भट्टी होती. दुसऱ्या दिवशी हे रजा टाकून तिथे जाऊन आले. मातीचे ढीग, वाळलेलं गवत, आणि खाटेवर एक रखवालदार. म्हणाला, "अभी कहाँ कोई आया साहब? महीने भर बाद आएँगे सब." म्हणजे पाड्यावरून निघाली आणि भट्टीवर पोहोचली नाही. मधला महिना ती हवेत विरली होती, आणि नेमक्या त्याच महिन्यात तिच्या गोळ्या संपणार होत्या. घरी आल्यावर हे म्हणाले, "नलूला माहीत असणार गं." त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला. असं सगळं डोक्यात ठेवून जातं का कुणी?

रविवारी दुपारी दवाखान्यात जाऊन बसले. लाईट दोनदा गेली. प्रत्येक वेळी ते मशीन पहिल्यापासून सुरू करायचं आणि फ्लॉपी पुन्हा आत सारायची. मी साधाच प्रश्न घालत होते, सोनकी कुठे? उत्तर तेच, भट्टी, पासून कार्तिक. मग सोनकीला सोडलं आणि रामाच्या घरातली सगळी माणसं विचारली. रामा गेल्यापासून तुम्ही त्या घराचा पिच्छा सोडला नव्हता. आजारी असोत नसोत, दर वर्षी सगळ्यांच्या ओळी. तरी उत्तर तेच. भट्टी, भट्टी, भट्टी. घामाच्या धारा, आणि तुमच्या खुर्चीवर मी.

मग म्हटलं, आता ती भांडणातली ओळ तेवढी बघायची राहिली. मशीनला सांगितलं, या घराबद्दल आपण काय धरून चाललो होतो ते दाखव, आणि मागाहून काय कळलं तेही दाखव, सगळ्या वर्षांचं.

वन्सं, दर वर्षी. दर वर्षी कार्तिकात एक ओळ, त्यांनी सांगितलेली, घर भट्टीवर गेलं. आणि दर वर्षी होळीच्या सुमाराला, माणसं परत आल्यावर, तुम्ही घातलेली दुसरी ओळ. घरातल्या बायका कार्तिकात भट्टीवर नव्हत्या. त्या किनाऱ्यावर होत्या, दांडी गावाकडच्या चौकोनात, बोंबील वाळवायच्या कामावर. भट्टीची माती तयार व्हायला वेळ असतो. तोवर पुरुष मिळेल तिथे मजुरी करतात, बायका समुद्रावर जातात, आणि भट्टी लागली की सगळी तिकडे एकत्र होतात. म्हातारी खोटं बोलली नव्हती. घर कुठे गेलं विचारलं तर घर भट्टीवरच गेलं होतं. मधला महिना तिच्या लेखी जाण्यातलाच. एका वर्षी चुकलो असतो तर ती चूक म्हटली असती. दर वर्षी तीच चूक, त्याच जागी, त्याच महिन्यात, म्हणजे तो सोनकीचा पत्ता होता.

ज्या ओळी मी दर आगोटीला पुसायला निघायचे त्या या. तुम्ही जिंकलात. आणि मी हे कबूल करताना बघायला तुम्ही नाही आहात, याचा मला फार म्हणजे फार त्रास होतो आहे. तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ठाऊक आहे. काहीच नाही. चहा टाक.

सोमवारी सकाळी आधी डॉक्टरांकडून सोनकीच्या पुढच्या गोळ्या घेतल्या आणि मग चिटणीसकाकांच्या टेबलापाशी उभी राहिले. म्हटलं, "काका, यातली एकही ओळ पुसायची नाही. आणि हे जाळं मी सांभाळणार आहे. दर रविवारी येईन. पगार नको, किल्ली द्या." त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. "नलूताई पण असंच हुकूम सोडायच्या," म्हणाले. मी तिथून थेट एसटी पकडली.

दांडीला उतरल्यावर वासावरूनच वाट सापडली. बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांवर तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील, नजर जाईल तिथवर. कोळीणी आपापल्या जागी, त्यांच्या हाताखाली पाड्यांवरच्या बायका. एका धिप्पाड कोळणीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन पायजे? सरकारी मानूस हाय का तुमी?"

"नाही हो. दवाखान्यातून आलेय. सोनकी म्हणून..."

"दवाखान्याची ताय हाय ती तुमी नाय. तिला वळखतंय मी."

"मी तिची भावजय."

तिने आणखी एकदा मला निरखलं, मग मागे वळून हाक घातली, "गो सोनके! तुज्याकडं कोन आलंय बघ!"

सोनकी दोऱ्यांच्या पलीकडून आली. मला वाटलं होतं त्याहून लहान. तुम्ही सांगितलेलं मूठभर मांस दिसत होतं गालांवर. माझ्या पाठीमागे, रस्त्याच्या दिशेने बघत म्हणाली, "ताय नाय आली?"

एसटीत मी सगळं ठरवून ठेवलं होतं, कसं सांगायचं, काय सांगायचं. त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, "ताई गेल्या, सोनके. दिवाळीनंतर गेल्या."

तिने टोपलीतून दोन बोंबील उचलले, त्यांची तोंडं एकमेकांत अडकवली, दोरीवर टाकले. मग आणखी दोन. मग पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने हात पुढे केला. हातावर गोळ्या होत्या. वन्सं, गोळ्या उरल्या होत्या. "एक दिस घेतंय, एक दिस नाय," ती म्हणाली. "ताय यायपावेतो पुरल्या पायजेत ना."

तुम्हाला वाटलं होतं ही सोडणार. इथे मात्र तुम्ही हरलात. एक दिवसाआड घेणं डॉक्टरांना मुळीच पसंत पडलं नाही, मला नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण तिने सोडल्या नव्हत्या. मी तिला सांगितलं, आजपासून रोज घ्यायची, चुकवायची नाही, संपायच्या आत दुसऱ्या येतील. तिने पिंपातल्या पाण्याने हात धुतले, माझ्यासमोर गोळ्या तोंडात टाकल्या, तांब्याभर पाणी प्यायली आणि माझ्यापुढे येऊन तोंड मोठं उघडून उभी राहिली. जीभ वर केली. तशीच थांबली.

मला कळेना. "काय होतंय? अडकली का?"

"बघ ना," ती म्हणाली. "ताय बघायची."

म्हणजे तुम्ही प्रत्येकाचं तोंड उघडून बघत होतात. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून मी तुमचे रकाने आखले, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी वाकले आणि उन्हात तिच्या तोंडात नीट पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, जिभेखाली. गोळी पोटात गेलेली होती.

"आता तू येशील?" तिने विचारलं.

"येईन. इथे येईन, मग भट्टीवर येईन."

"ताय बी असाच बोलायची," सोनकी म्हणाली. "मंग मेली."

त्या कोळणीने हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. 

"मीही मरेन," मी म्हटलं, "पण तुझ्या गोळ्या संपल्याशिवाय नाही."

सोनकी हसली, वन्सं, आणि टोपलीतले पुढचे दोन बोंबील उचलले.